आमच्या वाचनालयानं सॉफ्टवेअर कसं निवडलं

आमचं वाचनालय लातूर जिल्ह्याच्या पूर्वेला, उदगीरच्या पुढं, कर्नाटकची शीव जवळ येते त्या भागात आहे. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यातलं. परिरक्षण अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर चालणारं. पुस्तकं मुख्यतः मराठी. पण निजामाच्या राज्यातली उर्दूची दोन कपाटं अजून जागेवर आहेत, थोडं कन्नड आहे, थोडं हिंदी. मी कार्यकारी मंडळावर आहे, ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, आणि नांदेडला इंजिनिअरिंग करत होतो तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरचा, पुरस्कर्ता आहे. वाचनालयाचं सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तेव्हा काम अर्थातच माझ्याकडं आलं.

वेळ का आली ते आधी सांगतो. पूर्वीच्या मंडळानं एका स्थानिक विक्रेत्याकडून ग्रंथालयाचं एक पॅकेज घेतलं होतं. दरवर्षी देखभालीचे पैसे जायचे आणि ते बऱ्यापैकी चालायचं. पुढं विक्रेत्यानं धंदा बदलला, फोन उचलणं बंद झालं. मग काउंटरवरच्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. नव्या डिस्कवर पॅकेज टाकलं तर ते परवान्याची नवी किल्ली मागू लागलं, आणि ती देणारं कुणी उरलं नव्हतं. डेटाची फाइल पेन ड्राइव्हवर सुखरूप होती. मी ती उघडून पाहिली तर आत मराठीचं एक अक्षर नव्हतं. सगळं जुन्या फॉन्टच्या सांकेतिक मांडणीत, म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. ग्रंथपाल काकूंनी वर्षानुवर्षं दुपारच्या निवांत वेळात बसून केलेल्या नोंदी त्या खचात होत्या. त्या आमच्याच होत्या, पण आम्हाला वाचता येत नव्हत्या.

आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन लिहिलेली दाखल नोंदवही कागदावर होती म्हणून देवघेव थांबली नाही. काकूंनी मुकाट्यानं पुन्हा कार्डं काढली. पण त्या दिवसांत काकूंकडं बघून मला जो त्रास झाला, त्यानंच पुढची निवड ठरवली असं आज वाटतं.

मंडळाची बैठक झाली. सचिवांनी एका कंपनीचं दरपत्रक आणलं होतं. पडदे सुंदर, मराठी छान दिसतं, मोबाइल ॲप, माणूस येऊन शिकवून जाणार. वार्षिक शुल्क होतं, पण आवाक्यातलं. दुसरा पर्याय सरकारी. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर सरकारी ग्रंथालयांसाठी मोफत दिलं जातं, तसं आपल्याला मिळतं का ते विचारावं असं एकाचं म्हणणं पडलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या केंद्राचं सोल हे पॅकेज आमच्या कॉलेजात पाहिलेलं होतं, पण ते मुळात महाविद्यालयं आणि विद्यापीठांसाठी बांधलेलं. मी कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर मांडलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० च्या तारखेला टिकणार नव्हतं. तेव्हा त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून नवं लिहून घेतलं, २००० च्या जानेवारीत वापरात आणलं आणि जीपीएल या, वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली जगाला देऊन टाकलं. मोठ्या शहराचं नव्हे, गावाकडचंच ग्रंथालय ते. मला ही गोष्ट फार आवडते आणि बैठकीत मी ती मनापासून सांगितली.

काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही फुकट हाय म्हणालाव ते खरं. पण रविवारी सकाळी बंद पडलं तर मी कुणाला फोन लावायचा?"

उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं. पैसे घेणाऱ्या कंपनीला निदान फोन तरी करता येतो, असं सचिव म्हणाले, आणि ते चूक नव्हतं.

इथं दोन विचारांचा फरक सांगायला हवा, कारण आमचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरला. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरनं १९८३ मध्ये पूर्णपणे मुक्त कार्यप्रणाली बांधण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तो स्वातंत्र्यासाठी. प्रोग्राम हव्या त्या कामाला चालवता यावा, त्याचा कोड पाहून बदलता यावा, त्याच्या प्रती वाटता याव्यात, बदललेल्या प्रतीही वाटता याव्यात. हे हक्क नसलेलं सॉफ्टवेअर कितीही चांगलं चालत असलं तरी ते वापरणाऱ्यावर अन्याय करतं, ही त्यांची भूमिका. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव पुढं आलं ते वेगळ्या सुरात: कोड उघडा ठेवला, अनेकांनी पाहिला तर सॉफ्टवेअर चांगलं बनतं, म्हणून तो उघडा ठेवावा. पहिल्याला नीती महत्त्वाची, दुसऱ्याला काम. कॉलेजात असताना मी पूर्णपणे पहिल्या बाजूला होतो. बैठकीतले बाकीचे लोक तिसऱ्याच बाजूला होते: कोड उघडा की बंद, त्यांना काहीच नव्हतं; संध्याकाळी साडेपाचला गर्दी होते तेव्हा पुस्तक पटकन नोंदलं जावं, एवढंच हवं होतं.

मी त्यांना बिटकीपरची हकिकत सांगितली. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याचं काम सांभाळायला, तो गाभा सुरू करणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स यांनी २००२ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं बिटकीपर नावाचं बंदिस्त सॉफ्टवेअर घेतलं. त्या कामाला तेच सगळ्यांत चांगलं, म्हणून घेतलं. कंपनी ते फुकट देत होती. स्टॉलमन यांनी उघड नापसंती दाखवली. २००५ मध्ये कंपनीनं ती सवलत काढून घेतली आणि जगातल्या सगळ्यांत मोठ्या मुक्त प्रकल्पांपैकी एक उघड्यावर आला. टोरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये स्वतः तेच काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर, गिट, लिहायला घेतलं, आणि आज जवळपास सगळं सॉफ्टवेअर जग गिट वापरतं.

आमचे अध्यक्ष अप्पा शेतकरी आहेत. ते म्हणाले, "म्हणजे बटईच्या रानात विहीर पाडल्यागत झालं. पाणी लागलं तरी विहीर मालकाची."

अप्पांच्या त्या वाक्यानं बैठक वळली. पण मला त्यापुढचं जाणवलं ते जास्त महत्त्वाचं होतं. टोरवाल्ड्स यांच्यासारख्या माणसानं 'आज जे चांगलं चालतं ते घ्या' म्हटलं तर त्याला ते परवडतं. उद्या दार बंद झालं तर तो नवं दार बांधू शकतो. आमच्या वाचनालयाला ते जमणार नाही. आमच्याकडं ना प्रोग्रामर, ना वकील, ना पैसा. म्हणून आत शिरायच्या आधीच बाहेर पडायची वाट पाहून ठेवणं आम्हाला भाग आहे. दुबळ्या संस्थेसाठी कोडचं स्वातंत्र्य ही चैन नाही, ती व्यवहाराचीच गोष्ट आहे, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत.

मंडळानं लगेच होकार दिला नाही. आधी चालवून दाखवा म्हणाले, आणि तेच योग्य होतं.

सुरुवात संगणकापासून न करता मी काउंटरपासून केली. संध्याकाळी जाऊन काकूंच्या शेजारी बसू लागलो. सभासद आला की काकू चेहरा बघून त्याचा क्रमांक लिहितात. पुस्तकाच्या आतल्या पानावरचा दाखल क्रमांक बघतात. शीर्षक त्या वाचतसुद्धा नाहीत. देवघेवीचा कणा म्हणजे हे दोन आकडे. पुण्याच्या वा मुंबईच्या ग्रंथालयात बारकोड छापून चिकटवतात, स्कॅनर लावतात. आमच्याकडं सगळ्या पुस्तकांना बारकोड लावायचे तर उन्हाळा गेला असता. कोहात प्रत्येक प्रतीला बारकोडचा रकाना असतो. त्यात आम्ही सरळ दाखल क्रमांक भरला. सभासद-कार्डाच्या रकान्यात सभासद क्रमांक. काकू आकडे टाकतात, काम होतं. स्कॅनर पुढं कधीतरी घेता येईल, आकडे तेच राहतील.

दुसरा निर्णय लिनक्सबद्दल. कोहा लिनक्सवर चालतं. मी एका जुन्या डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवून त्यावर डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार टाकला आणि ते यंत्र कपाटाशेजारी यूपीएसवर ठेवला. पण काउंटरवरच्या संगणकावर विंडोजच राहू दिलं. काकू तिथं ब्राउझर उघडतात आणि कोहाचं पान येतं. मागं काय चाललंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. नांदेडच्या माझ्या एका जुन्या मित्राला हे खटकलं. अर्धंच मुक्त झालं म्हणाला. त्याचं म्हणणं मी समजू शकतो, पण मला ते पटत नाही. काउंटरवरचं विंडोज उद्या काढून टाकलं तरी एकही नोंद हरवत नाही. जिथं नोंदी राहतात तिथं तडजोड नको होती, आणि तिथं आम्ही ती केली नाही.

सगळ्यांत जास्त घाम काढला तो मराठीनं. जुन्या फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या जागतिक संकेतपद्धतीत, आणायचा होता. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात तशी टाइप केलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणजे वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र आधी. नुसतं एका चिन्हाच्या जागी दुसरं चिन्ह ठेवून भागत नाही, क्रमही उलटवावा लागतो, आणि जोडाक्षर असेल तर वेलांटी किती अक्षरं ओलांडून न्यायची तेही बघावं लागतं. माझी एक माजी विद्यार्थिनी सुट्टीत घरी आली होती. तिनं पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, मी दाखल नोंदवही हातात धरून तपासत बसलो. 'कीर्ती', 'मूर्ती', 'वार्षिक' असे शब्द बरोबर आले की पुढं जायचो.

मग शोधाचा प्रश्न. कोहात पुस्तक सापडलं पाहिजे तर नोंदींची सूची भाषेच्या नियमांनी व्हायला हवी. झेब्रा हे कोहाचं शोधयंत्र साध्या मांडणीवर ठेवलं तर देवनागरीचे शब्द धड सापडत नाहीत. त्याला वेगवेगळ्या लिप्यांचे नियम जाणणाऱ्या आयसीयू या पद्धतीवर न्यावं लागतं. हे एकदा केलं आणि 'ययाति' म्हटल्यावर ययाति आलं. तरी काही पुस्तकं दडून बसलीच. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे लिहिला जातो: काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. तसंच ॲ चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन भागवायचे आणि बरेचजण अजून तसंच करतात. शोधायला बसलेल्या विद्यार्थ्याला यातलं काय माहीत असणार? आम्ही सगळ्या नोंदींमध्ये एकच रूप ठेवलं आणि काकूंच्या संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड कायम केला. कंपनीच्या बंद पॅकेजमध्ये हीच अडचण आली असती तर आम्ही तक्रार लिहून वाट बघत बसलो असतो. इथं रात्री बसून दुरुस्त करता आली. उघड्या कोडचा आणि उघड्या डेटाबेसचा एवढा रोकडा उपयोग मी आधी कधी अनुभवला नव्हता.

तयार नोंदी बाहेरून उतरवून घ्याव्यात, ही सोय कोहात आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय आहे, ते मराठी पुस्तकंही घेतं आणि त्यांच्या नोंदी जगाला खुल्या असतात. पण आमच्या उपयोगाच्या बहुतेक नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर खाली-वर टिंबं आणि रेघा दिलेल्या. संशोधकाला ठीक, पण आमच्या वाचकाला 'कोसला' देवनागरीतच दिसलं पाहिजे. आयतं घेण्याचा विचार तिथंच सोडला.

उर्दूच्या कपाटांचं काम अजून चालू आहे. शीर्षक उर्दूतच २४५ या रकान्यात भरायचं आणि पर्यायी शीर्षकाच्या २४६ मध्ये तेच देवनागरीत, असं ठरवलं, म्हणजे उर्दू न वाचणाऱ्यालाही पुस्तक सापडेल. गावातले एक निवृत्त मौलाना शिक्षक येऊन बसतात, वाचून सांगतात, देवघेव बघणारा निर्गम सहायक मुलगा भरतो. कित्येक पुस्तकांना मुखपृष्ठच उरलेलं नाही. मौलाना सर चार ओळी वाचून ग्रंथ ओळखतात. हे काम मला सॉफ्टवेअरपेक्षा मोठं वाटतं, आणि त्यांच्या तब्येतीची काळजी असल्यामुळं ते आधी उरकावं यासाठी माझा आग्रह आहे.

काकूंच्या रविवारच्या फोनचं उत्तर मात्र सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. ते माणसातच शोधावं लागलं. चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक तरुण आहे, हुशार, हात चालणारा. त्याला मी डेबियनची तोंडओळख करून दिली. यंत्र बंद-सुरू कसं करायचं, सेवा चालू आहे का ते कसं बघायचं, रात्रीचा बॅकअप कुठं पडतो, हे सगळं एका वहीत मराठीत लिहून ठेवलं. मग त्याच्याकडून दुसऱ्या एका रिकाम्या संगणकावर तो बॅकअप परत उभा करून घेतला. हे मी मुद्दाम सांगतोय. बॅकअप घेतोय म्हणणारे खूप असतात, तो उचलून दुसरीकडं चालवून बघणारे फार थोडे. त्या पोरानं माझी मदत न घेता देवघेवीचा पडदा उघडून दाखवला तेव्हाच मंडळानं ठराव केला.

त्याच ठरावात मी एक गोष्ट आग्रहानं घालून घेतली. कंपनीला जे वार्षिक शुल्क गेलं असतं, साधारण तेवढी रक्कम देखभाल म्हणून त्या तरुणाला द्यायची. सचिव म्हणाले, सॉफ्टवेअर फुकट आहे ना? सॉफ्टवेअर फुकट आहे, माणसाचा वेळ फुकट नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी ही गोष्ट गावोगावी नीट सांगितलेली नाही, म्हणून एखादा उत्साही शिक्षक सगळं बसवून देतो, त्याची बदली होते आणि वर्षभरात यंत्रावर धूळ बसते. पैसे द्यायचेच आहेत, तर ते आपल्या गावातल्या माणसाच्या हातात कौशल्य म्हणून राहावेत.

बाकीच्या ठिकाणी आम्ही काय केलं तेही सांगतो, कारण सगळीकडं एकच नियम लावला नाही. जमाखर्च टॅलीतच आहे. आमचे लेखापरीक्षक टॅलीत बघतात, तालुक्यातले सगळे तेच वापरतात, आणि जमाखर्चाची छापील वही दरवर्षी सही होऊन कपाटात जाते. तिथं बदल करून मला काही मिळवायचं नव्हतं. पत्रव्यवहार लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-पॅकेजमध्ये नेला. जिल्ह्याला पाठवायचे तक्ते एक्सेलमध्ये येतात. ते उघडतात, पण कधी कधी रकाने हलतात, म्हणून पाठवण्यापूर्वी एकदा काउंटरवर बघून घ्यायचं ठरलेलं आहे.

अभ्यासिकेत मात्र माझं मन जास्त अडखळलं. तिथले जुने संगणक लिनक्स मिंट टाकल्यावर पळायला लागले. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावर प्रश्नपत्रिका वाचतात, अर्ज भरतात. पण काहीजण एमएस-सीआयटीची तयारी करायला येतात, आणि तो अभ्यास विंडोज आणि एमएस ऑफिसवरचा. एका मुलीनं मला स्पष्ट विचारलं, परीक्षेत जे येणार ते इथं का नाही? माझ्या तत्त्वाचं ओझं तिच्या मार्कांवर का म्हणून टाकायचं? एक संगणक विंडोजचा ठेवला. केरळमध्ये सरकारी शाळांनी राज्यपातळीवर मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं, तिथल्या मुलांना तेच शिकवलं जातं आणि तेच विचारलं जातं. असा निर्णय वरून झाला तर गावातल्या मुलाला किंमत मोजावी लागत नाही. भारत सरकारनंही २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारं धोरण काढलं. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्या दिशेनं गेल्या तर तो विंडोजचा संगणक मी आनंदानं बदलीन.

फॉन्ट बदलणारी ती स्क्रिप्ट आम्ही जीपीएलखाली खुली केली. ज्या फुकट मिळालेल्या कामावर आपलं काम उभं राहिलं, त्यात आपलीही थोडी भर पडावी, असं त्या विद्यार्थिनीला आणि मला दोघांनाही वाटत होतं.

अलीकडं शेजारच्या तालुक्यातल्या एका लहान वाचनालयाचे सचिव आमचं काम बघायला आले. त्यांना कोहा फार आवडलं, लगेच बसवून द्या म्हणाले. मी विचारलं, तुमच्याकडं बघणारं कोण आहे? एकच अर्धवेळ ग्रंथपाल, संगणक एक, वीज दुपारी जाते. पुस्तकं दोन कपाटांत मावतील एवढी. मी त्यांना कोहा बसवून दिलं नाही. लिबरऑफिस कॅल्कमध्ये एक तक्ता करून दिला: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, प्रत कुठं आहे. सगळं युनिकोड मराठीत. जतन करताना सीएसव्हीचीही, म्हणजे कुठंही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलचीही, एक प्रत काढायची सवय लावायला सांगितली. ज्या दिवशी बघणारा माणूस मिळेल त्या दिवशी हाच तक्ता मार्क या ग्रंथनोंदींच्या मांडणीत बदलून कोहात चढवता येईल. तोवर त्यांना काही बसवायची गरज नाही. दाखल क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवू नका आणि एक क्रमांक दोन पुस्तकांना देऊ नका, एवढं मात्र त्यांच्या ग्रंथपालांना फोन करून वेगळं सांगितलं.